सुलभा नावाची लेखिका

पुस्तकावर सही घ्यायला सांगलीहून नागपूरला जायचं म्हणालो, तेव्हा आमच्या हिनं भाजी चिरता चिरता विळी थांबवली. "एवढ्या लांब? सहीसाठी?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात तिची चूकही नव्हती.

माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी काउंटरमागं बसून वाचतो. सुलभा धकाते यांचं पहिलं पुस्तक उचललं ते केवळ नावासाठी. माझ्या आत्याचं नाव सुलभा. पण वाचायला घेतलं आणि मग त्यांचं एकही पुस्तक सोडलं नाही. उमरेडच्या विणकरांच्या गल्ल्या, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली माणसं, रंगाच्या हातांनी भाकरी थापणाऱ्या बाया, सगळं मला सांगलीत बसून दिसायचं. पुस्तकावर लेखिकेचा फोटो कधी नसे. नावाखाली फक्त 'नागपूर'.

त्यांची नवी कादंबरी मागच्या वर्षी आली. तिच्यात एक लहान मुलगी आईशी खोटं बोलते. आई रागावत नाही, मारत नाही. मुलीच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवते आणि म्हणते, "गूळ विरघळू दे. मग परत सांग."

मी पुस्तक मिटलं आणि दुकानाचं शटर निम्मं ओढून घेतलं. हे माझ्या आजीचं होतं. आम्ही पोरं खोटं बोललो की आजी हेच करायची, याच शब्दांत. दुसऱ्या कुठल्या घरात मी हे पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. आजी गेली, वडीलही दोन वर्षांमागं गेले. घराबाहेर हे माहीत असलेलं माणूस एकच उरत होतं.

सुलूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मी सात वर्षांचा असताना ती घरातून गेली. सांगलीत हातमागाचं प्रदर्शन भरायचं, तिथं विदर्भातून साड्या घेऊन येणाऱ्या एका विणकराबरोबर गेली, एवढं मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तो बिजवर होता आणि आमच्या जातीतला नव्हता. वडिलांनी तिच्या नावानं आंघोळ केली. शब्दशः केली. भटजींना बोलावून पाणी सोडलं, सगळ्यांना जेवू घातलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात ते नाव बंद झालं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की ती वारली.

आता मला दोन संशय होते. एक, सुलभा धकाते म्हणजे माझी आत्याच. दुसरा, ही कुणी तिसरीच बाई आहे आणि तिनं माझ्या आत्याचं नावही घेतलं आणि आमचं घरही. पहिल्या संशयानं मला झोप येत नव्हती. दुसऱ्यानं राग येत होता. जानेवारीत बातमी वाचली की सुलभा धकाते पहिल्यांदाच वाचकांना भेटणार आहेत, नागपुरात सदर भागातल्या एका पुस्तकांच्या दुकानात, शनिवारी संध्याकाळी. मी तिकीट काढलं.

शुक्रवार, नागपूर

स्टेशनाबाहेर पडलो तर थंडी सांगलीपेक्षा पुष्कळ जास्त आणि ऊन मात्र स्वच्छ. एक बाई टोपलीत संत्री घेऊन बसली होती. विचारायच्या आत तिनं एक सोलून फोड माझ्या हातावर ठेवली. "खाऊन पाहा, मंग घ्या." फोड साखरेसारखी होती. मला वाटलं, चाखायला देतात ती गोड आणि पिशवीत घालतात ती आंबट. आमच्याकडं द्राक्षांच्या गाड्यावर हेच चालतं. तरी घेतली. नंतर लॉजच्या खोलीवर जाऊन एकेक सोलून बघितलं. सगळी गोड निघाली. पण पाहणाऱ्याच्या मनात एकदा खोट शिरली की ती कशानं जात नाही. स्टेशनावरच्या ऑटोवाल्यावरही मी दोन्ही डोळे ठेवून होतो.

त्याचंही लक्ष माझ्यावरच होतं. नागपूरचा माणूस प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडं रिक्षावाला फक्त कुठं जायचं ते विचारतो. हा मागं वळून म्हणाला, "कुठून आले भाऊ?"

"सांगली."

"लग्नाले?"

"नाही. एका लेखिकेला भेटायला."

त्यानं पुढच्या गाडीला हॉर्न दिला. मग म्हणाला, "नात्यातली हाये का?"

मी बाहेरच्या दुकानांकडे बघायला लागलो. त्यानंही पुन्हा विचारलं नाही, पण आरशातून माझ्याकडे पाहत राहिला.

सीताबर्डीवर लॉज घेतला. संध्याकाळीच सदरला जाऊन दुकान बघून ठेवलं. दुकान लहान, मालक स्वेटर घातलेले वयस्कर गृहस्थ. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या धकातेबाई येणार ना? वय काय असेल त्यांचं?"

त्यांनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

"नाही, फोटो कुठं दिसत नाही म्हणून."

"पेपरवाले आहात का?"

"नाही, वाचक आहे."

"वाचकाले वयाचं काय करायचं?" असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी पुस्तकं चाळत उभा राहिलो. जाताना त्यांचा आवाज कानावर आला. ते फोनवर बोलत होते. "विमलताई, एक माणूस चौकशी करून गेला. हो, तिकडचाच वाटते. बोलण्यावरून."

दुकानातून बाहेर आलो आणि फुटपाथवर थांबलो. विमलताई कोण? उद्या लेखिका येणार ती सुलभा. मग हे कुणाला सांगत होते? आणि तिकडचा म्हणजे कुठला? मी तिकडून येईन अशी वाट कुणी का पाहत होतं?

शनिवार, सदर

सकाळी तर्री पोहे खाल्ले. इथं पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. आमच्याकडं पोह्यावर खोबरं-कोथिंबीर आणि वर लिंबू पिळलं की झालं. पहिल्या घासाला शंका आली, तिसऱ्या घासाला आणखी थोडी तर्री मागितली. दिवसभरात धड झालेलं तेवढंच. बाकी वेळ लॉजच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो.

संध्याकाळी दुकानात बरीच गर्दी होती. लेखिका टेबलामागं येऊन बसल्या आणि माझा पहिला संशय तिथंच संपला. उंच, सावळ्या, केसांत थोडीच पांढरी झाक. वय माझ्याएवढंच असावं. आत्या आता सत्तरीला टेकलेली असायला हवी. शिवाय आत्या गोरी, ठेंगणी, घाऱ्या डोळ्यांची. आणि दुकानाचे मालक या बाईंना हाक मारत होते, "विमलताई, पाणी देऊ का?"

म्हणजे सुलभा हे नाव खरं नव्हतंच. दुसरा संशय खरा ठरला, असं वाटून माझे कान तापले. इतकी वर्षं ज्या बाईंचं लेखन मी जीव लावून वाचलं, त्यांनी माझ्या घरातली वस्तू उचलून आपली म्हणून विकली होती.

रांगेत माझा नंबर आला. मी कादंबरी पुढं केली. त्यांनी छान हसून, अगदी पुस्तकी मराठीत विचारलं, "कोणाच्या नावानं लिहू?"

"सुलभा," मी म्हटलं आणि पुढं आमचं आडनाव सांगितलं.

पेन कागदाला टेकलं होतं, तिथंच थांबलं. शाईचा ठिपका पसरत गेला. त्यांनी मान वर केली नाही.

"ते गुळाचं तुम्ही कुठून आणलं?" मी विचारलं.

"कुठलं?"

"जिभेवर गूळ ठेवतात ते."

"सुचलं," त्या म्हणाल्या. "लेखकाला सुचतं."

"हे सुचलेलं नाही. हे आमच्या घरातलं आहे."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती होती. दिवसभर डोळेच तपासतो, भीती आणि चोरी यांतला फरक मला कळायला हवा होता. पण तेव्हा मला ती चोरीच वाटली. त्यांनी नुसती सही केली, पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि मागच्या मुलीचं पुस्तक ओढून घेतलं. मालक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. "चला भाऊ, लोकं थांबून राहिले," म्हणाले आणि कोपराला हात लावून मला दारापर्यंत सोडून आले.

मी गेलो नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. दुकान रिकामं झालं तेव्हा त्या बाहेर आल्या, एकट्याच. इकडे तिकडे पाहिलं, मी दिसलो, आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या. आता पुस्तकी मराठी गेली होती.

"कोणं पाठवलं तुमाले?"

"कुणी नाही. मी आलो."

"तुमचे वडील कुठं आहेत?"

"वारले."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"खरं सांगता का?"

मी म्हटलं, "माझ्या बापाच्या मरणाबद्दल मी खोटं कशाला बोलू?"

"तुमच्या बापानं जित्या बहिणीच्या मरणाचं जेवण घातलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग तुमच्यावर कसा विश्वास ठेवू, सांगा."

चहावाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. त्यांनी ग्लास हातात घेतला, प्यायल्या नाहीत.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"जिचं जेवण घातलं तिनं."

"ती कोण लागते तुमची?"

"आई," त्या म्हणाल्या. "माझी जन्माची आई मी पाच वर्षांची असताना गेली. बाबा सांगलीच्या प्रदर्शनाले गेले तं साड्या इकून नवी आई घेऊन आले. साऱ्या गल्लीनं नावं ठेवली. मी बी ठेवली. तिच्या भातात माती टाकली होती मी, आन् वरून म्हटलं की मी नाही टाकली. तं तिनं माझ्या जिभेवर गूळ ठेवला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुम्ही म्हणता ते तुमच्या घरातलं हाये. असन. पण माझ्याबी घरातलं हाये. लिहायले लागली तं मी नावबी तिचंच घेतलं. मी काय चोरलं, सांगा तुम्ही."

सांगलीहून राग घेऊन आलो होतो, तो ठेवायला आता जागा नव्हती. नात्यानं ही बाई माझी आतेबहीण लागत होती आणि मी तिला भर रांगेत चोर म्हटलं होतं. तसं मी तिला सांगितलं. माझं चुकलं म्हणालो.

"चुकलं तं चुकलं," ती म्हणाली. "पण म्हणून मी तुमाले तिच्याकडे घेऊन जाईन असं समजू नका. दारावर कोणी अनोळखी आलं तं ती अजूनबी आधी खिडकीतून पायते. तिले वाटते भाऊ येईल."

"आता भाऊ नाही."

"ते तिले मायीत नाही ना."

मग तिनं पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला. हळू आवाजात बोलली. मला विचारून माझं नाव सांगितलं. वडिलांचं काही सांगितलं नाही. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आई इचारते, तुमाले वाचायले कशावरून शिकवलं होतं?"

"पाट्यांवरून," मी म्हटलं. "रस्त्यावरच्या. ती मला कडेवर घेऊन फिरायची आणि पाट्या वाचायला लावायची. मी पहिल्यांदा पूर्ण वाचलेलं वाक्य म्हणजे 'येथे थुंकू नये'."

विमलनं ते फोनवर सांगितलं. विमलनं दोनदा "आई?" म्हणून हाक मारली. मग ऐकलं, मान हलवली, फोन ठेवला.

"उद्या ये म्हणते," ती म्हणाली. "मी संग येते. एकट्याले नाही सोडत तुमाले."

रविवार, उमरेड

उमरेडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या लाल मिरच्या. लांबून शेतात लुगडी पसरल्यासारखं वाटतं. वाटेत विमलनं एकदाच विचारलं, "तुमच्या घरी कोणी आठवण काढे का तिची?"

"मोठ्यानं कुणी नाही," मी म्हटलं.

गल्ली जुन्या विणकरांची, पण मागाचा आवाज एकाही घरातून येत नव्हता. विमल म्हणाली की पोरं आता कोळशाच्या खाणीत आणि नागपूरच्या ऑफिसांत जातात. तिच्या वडिलांचा माग ते गेल्यावर काढून ठेवला. घर छोटं, पुढं ओटा, ओट्यावर तुळस. आम्ही फाटक उघडलं तेव्हा खिडकीचा पडदा हलला. दार मात्र लगेच उघडलं नाही. विमलनं हाक मारली, तेव्हा उघडलं.

आत्या वाकली होती, केस पूर्ण पांढरे. डोळे घारेच. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या पाठीमागं रस्त्यावर पाहिलं, आणखी कुणी आहे का ते. मी पाया पडायला वाकलो तर ती एक पाऊल मागं सरकली.

"दादानं पाठवलं का तुले?" ती म्हणाली. आवाज ओळखीचा होता, बोली नव्हती.

"नाही आत्या. दादा नाहीत आता. दोन वर्षं झाली."

तिनं दाराच्या चौकटीला हात लावला. विमल पुढं झाली, पण आत्यानं तिला नको म्हणून खूण केली. ओट्यावर आली आणि हळूच खाली बसली. मीही समोर बसलो. गल्लीतून एक सायकल गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत आत्या तिच्याकडे पाहत होती.

"काय झालं होतं?"

"हृदयाचं. चार महिने अंथरुणावर होते."

"माझं नाव काढलं होतं का?"

आदल्या रात्रभर मी या प्रश्नाचाच विचार केला होता. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं आणि मलाही. विमल माझ्याकडे एकटक पाहत होती.

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही काढलं."

आत्यानं मान डोलावली. "बरं झालं, खरं बोललास," ती म्हणाली. "काढलं होतं म्हणाला असतास तं मी तुले इथूनच वाटेले लावलं असतं. दादाले मी ओळखते." आणि मग, एवढ्या वर्षांत तोंडातून गेलेलं सांगलीचं बोलणं तिला एकदम सापडल्यासारखं ती म्हणाली, "बस की नीट. असा काय कडेला बसलायस?"

मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. आजी कधी गेली, कशानं गेली. मागच्या अंगणातलं रामफळाचं झाड आहे का. माझं लग्न, मुलं, दुकान. प्रत्येक मेलेल्या माणसाजवळ ती थोडी थांबे आणि पुढच्याकडे जाई. रडली नाही. विमल आत गेली आणि स्वयंपाकाचा वास यायला लागला.

"आमच्या घरी मटण होते," आत्या म्हणाली. "तुज्यासाठी वांग्याची भाजी सांगितली हाये. तू मटण खातोस का?"

"नाही."

"मी बी नव्हते खात. शिकले." तिनं हे असं सांगितलं की त्यात तक्रारही नव्हती आणि अभिमानही नव्हता.

सावजी मसाल्यातली वांगी फार तिखट होती. आत्या आणि विमल एका ताटात वाढून घेऊन जेवल्या. मी ते पाहत होतो. आमच्याकडं मायलेकी अशा जेवतात ते मी लग्नानंतर माहेरी आलेल्या पोरींचंच पाहिलं आहे. जेवताना आत्या मध्येच थांबून म्हणाली, "सांगलीत कोणाले सांगू नको मी कुठं आहे ते. तुझ्या बायकोला सांग. बाकी कोणाले नाही."

"आता कोण काय करणार आहे आत्या?"

"कोणी काही करणार नाही. मले मायीत हाये," ती म्हणाली. "पण मी जित्ती हाये हे कळलं तं लोकं बोलवतील, अन् मले यायचं नाही. माझं आता इथंच."

मी कबूल केलं.

दुपारी निघालो. विमल तिथंच मुक्काम करणार होती. आत्या काठी घेऊन फाटकापर्यंत आली, मग म्हणाली स्टँडपर्यंत येते. नको म्हटलं तरी आली. रस्ताभर तिनं माझा दंड धरला होता, आणि सकाळी जी मागं सरकली होती तीच ही का, असं मला वाटत राहिलं. बस लागलेली होती. स्टँडच्या बाकावर त्याच गल्लीतली एक म्हातारी बसली होती. तिनं आत्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि नागपूरकडचा माणूस प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीच.

"कोण पाहुणे वं, सुलभाबाई?"

आत्यानं माझा दंड सोडला नाही.

"भाचा हाये माझा," ती म्हणाली. "माहेरचा."

म्हातारीनं डोळे बारीक करून माझ्याकडे पुन्हा पाहिलं. "तुमाले तं माहेर नाही म्हणत होत्या तुम्ही."

"हाये ना वं," आत्या म्हणाली. "लांब हाये."